दहा मूल्यं आणि बेचाळीस रात्री

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. समोर उभा एकच माणूस दिसत असला तरी आजचं भाषण आम्हा पाच जणांचं आहे. आम्ही पाचही शिक्षक. दोघं निवृत्त झालो, तिघं अजून फळ्यासमोर उभे आहेत. गेल्या हिवाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बसून आम्ही ‘श्यामची आई’ वाचत होतो. मोठ्यानं, एकेक रात्र. त्यामुळे आज जिथे जिथे ‘आम्ही’ येईल तिथे ते मोठेपणाचं समजू नका, पाच डोक्यांचं समजा. आणि त्या पाच डोक्यांचं सगळ्या बाबतीत एकमत झालेलं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

वाचायला बसण्याचं कारण तसं क्षुल्लक होतं. आमच्यातल्या एका बाईंच्या हातात एक तक्ता आला होता. मूल्यशिक्षणासाठी. डाव्या रकान्यात दहा मूल्यं, उजवा रकाना कोरा. त्यात लिहायचं होतं की ‘श्यामची आई’मधली कोणती गोष्ट कोणत्या मूल्यासाठी वापरता येईल. एका गोष्टीसमोर एक मूल्य. बाई म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम आहे, सगळ्यांना पुस्तक पाठच आहे. तो अर्धा तास तीन महिने चालला. (हशा)

ती दहा मूल्यं आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेत. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असतात. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, स्त्री-पुरुष समानता. आम्हीही ती वर्षानुवर्षं वाचली, मुलांकडून म्हणून घेतली. पण तक्ता भरायला बसलो तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं की या यादीत सत्य नाही. न्याय नाही. समानता आहे ती स्त्री-पुरुषांपुरती. जात हा शब्दच नाही, आणि ज्याच्यासाठी या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त भांडणं झाली, ते ‘समता’ हे मूल्य सुटं असं कुठे येत नाही. आणि नीटनेटकेपणा आहे! आमचं नीटनेटकेपणाशी वैर नाही. पण एका बाजूला नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा असे दोन खण आणि सत्याला जागा नाही, हे पाहून एखाद्या परक्या माणसाला वाटेल की या शाळांना मुलं चांगली हवी आहेत की सोयीची?

कुणी म्हणेल, यादीत सगळं थोडंच मावतं. खरं आहे. पण यादी केली की काय मावलं नाही हाच प्रश्न उरतो. सत्याचा प्रश्न आमच्यापुरता हवेतला नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. शाळेचं नाव सांगणार नाही, गावही नाही. आमच्यातले एक जण तेव्हा तिथे होते. तपासणी होती. आदल्या दिवशी मुलांना सांगून ठेवलं होतं की साहेबांनी विचारलं तर खिचडीत रोज भाजी असते म्हणायचं. सकाळी परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, मग बोधकथा. बोधकथा नेमकी खरं बोलणाऱ्या लाकूडतोड्याची. अकरा वाजता साहेब सहावीच्या वर्गात आले, त्यांनी विचारलं, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘बुधवारीच असते.’ साहेब हसले, पुढे गेले. त्यांच्या वहीत काही गेलं की नाही कोण जाणे. त्या मुलाला मात्र दुपारी वर्गाबाहेर उभं केलं गेलं. आमचे हे सहकारी तेव्हा नवीन होते. त्यांनी काही केलं नाही. ते स्वतःच सांगतात, ‘मी काहीच बोललो नाही, आणि संध्याकाळी त्या मुलानं मला नेहमीसारखा नमस्कार केला.’ सौजन्यशीलता हे मूल्य त्याला नीट शिकवलेलं होतं.

आता हा वाद आपल्याकडे काही आजचा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्यापुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. ते निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यात जोतीरावांनी खेड्यातल्या शाळेसाठी अभ्यासक्रमही सुचवलाय. मोडी आणि बालबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि शेवटी नीतीचे नि आरोग्याचे थोडे धडे. ‘थोडे’ या शब्दावर आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या माणसानं पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला, ज्याचं सगळं जगणंच नीतीच्या प्रश्नाभोवती होतं, तो शाळेत नीतीचे धडे मागतो ते थोडे, आणि स्वच्छतेच्या जोडीला. आधी मोडी आणि हिशेब. का? मोडी वाचता आली नाही तर सावकारानं कागदावर काय लिहिलं ते कळत नाही. हिशेब आला नाही तर व्याजात फसतो. फसवणुकीविरुद्ध उपदेश करून फसणारा वाचत नाही, ही साधी गोष्ट जोतीरावांना पक्की ठाऊक होती.

त्याच निवेदनात शिक्षक कसा हवा तेही आहे. शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मोकळेपणानं मिसळणारा, त्यांची गरज ओळखणारा, वेळ पडली तर नांगर धरणारा. आणि त्याला पगार बरा हवा. म्हणजे नीतीचा भार पुस्तकावर कमी आणि माणसावर जास्त.

त्या आयोगानं शेवटी काय सुचवलं? महाविद्यालयांसाठी त्यांनी नैसर्गिक धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेलं नीतीचं पाठ्यपुस्तक तयार करावं, आणि माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर प्राध्यापकांनी व्याख्यानं द्यावीत, अशी शिफारस केली. आणि या शिफारशीला आयोगातल्या ज्या सदस्यानं लेखी हरकत घेतली तो आपला मराठी माणूस होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग. भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे तेलंग. म्हणजे नीतिग्रंथांविषयी अनास्था असलेला माणूस नव्हे. त्यांचा रोख असा की तरुणाची नीती पाठ्यपुस्तकातून घडत नाही. ती संस्थेच्या एकूण वातावरणातून, चांगल्या साहित्याच्या वाचनातून, शिक्षकांच्या सहवासातून घडते. गीतेचा अभ्यासक नीतीच्या पुस्तकाला नको म्हणतो, ही गोष्ट आज फार कमी जणांना आठवते. आठवायला हवी, कारण आज नेमकं उलटं गृहीत धरलं जातं. ज्याला ग्रंथाचा आदर आहे त्यानं तो पाठ करून घेण्याच्या बाजूनंच असलं पाहिजे, असं.

आगरकरांचं मी विस्तारानं सांगत नाही. नीती धर्मावर टेकलेली नाही, ती विवेकावर आणि माणसाच्या सुखदुःखावर उभी राहू शकते, हे त्यांनी ‘सुधारका’तून इतक्या वेळा मांडलंय की त्याची उजळणी नको. गांधीजींचं मात्र सांगायला हवं. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, नई तालीम तिथून सुरू झाली. त्या योजनेत धर्मशिक्षण नव्हतं. लोकांना आश्चर्य वाटलं, गांधींच्या शाळेत धर्म नाही? त्यांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की आज धर्म ज्या रीतीनं शिकवले आणि पाळले जातात त्यातून एकोप्यापेक्षा तंटाच जास्त निघतो, म्हणून ते बाहेर ठेवलं. सगळ्या धर्मांत समान असलेलं सत्य शिकवावं, पण ते शब्दांनी किंवा पुस्तकांनी शिकवता येत नाही. मूल ते शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातूनच शिकतं.

हे वाचल्यावर आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ सर म्हणाले, ‘म्हणजे आपली नोकरी अवघड झाली.’ खरंच झाली. बोधकथा वाचून दाखवणं किती सोपं आहे!

तर आता आमच्या तक्त्याकडे येतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयात मुलांसोबत राहत. मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, अंथरुणं आवरत, आणि रोज हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. नीटनेटकेपणा हे मूल्य गुरुजींनी शिकवलं ते असं, मुलं वर्गात असताना त्यांच्या खोलीत केर काढून. पुढे चळवळीत पडले, तुरुंगात गेले. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत हे पुस्तक लिहिलं. १९३५ साली ते छापून आलं. त्यात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातली कामं झाली, प्रार्थना झाली, की श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. ऐकणारे मोठे आहेत, दिवसभर राबलेले आहेत, आणि ऐकायची सक्ती कुणावर नाही. ही चौकट आम्ही सगळ्यांनी शाळेत वाचताना सोडून दिली होती. धड्यात फक्त आठवण येते, तिच्याभोवतीची रात्र येत नाही.

आम्ही तक्ता भरायला लागलो. पहिल्या दोन-तीन गोष्टी पटापट बसल्या. पत्रावळ लावता येत नाही म्हणून श्यामची फजिती होते आणि मग तो शिकतो: श्रमप्रतिष्ठा. कळ्या तोडू नयेत, फूल झाडावर फुलू द्यावं: संवेदनशीलता. मग आली पायांची गोष्ट. आंघोळ झालेल्या श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई दगडावर आपलं लुगडं पसरते, आणि पायांना जपतोस तसं मनाला जप, असं काहीसं सांगते. सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेला प्रसंग. नीटनेटकेपणा? एकानं लिहिलंही. मग लाजून खोडलं.

इथे थोडं थांबतो. हा प्रसंग बोधकथा म्हणून सांगितला जातो तेव्हा फक्त आईचं वाक्य उरतं. पुस्तकात त्या वाक्याआधी कृती आहे. मुलाचा हट्ट फाजील आहे, आईला तो कळतो, तरी ती त्याची पायरी ओळखून अंगावरच्या ओल्या कापडाचा उपयोग करते. आधी हट्ट पुरवला, मग बोलली. बोलली तेही एकदाच. आमच्या बाई म्हणाल्या, ‘आपण वाक्य घेतलं आणि लुगडं सोडलं.’ आजच्या भाषणाचा सगळा ऐवज त्या एका वाक्यात आहे, आणि ते आमचं नाही, बाईंचं आहे.

मग पोहण्याची गोष्ट. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं मारत विहिरीकडे पाठवते. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून. मारणारी तीच आणि नंतर हळवी होणारीही तीच. कोणतं मूल्य लिहायचं? धैर्य यादीत नाही. आणि मुलाला मारणं आज शाळेत गुन्हा आहे. आमच्यात इथे पहिलं भांडण झालं. एक म्हणाले, ही गोष्ट वगळावी. दुसरे म्हणाले, वगळलीत तर आईची मूर्ती करून देव्हाऱ्यात ठेवाल. ही बाई चुकणारी आहे म्हणून तर खरी आहे. ताराबाई मोडकांचं नाव निघालं. त्याच काळात, साने गुरुजींचं पुस्तक येण्याआधीच, गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाई सांगत होत्या की मुलाला ना शिक्षा ना बक्षीस. भीती आणि लालूच दोन्ही काढून घेतल्याशिवाय मूल स्वतःहून काही निवडूच शकत नाही. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी वस्तीत त्यांनी आणि अनुताई वाघांनी ते करून दाखवलं. ताराबाईंच्या बालवाडीत श्यामची आई बसत नाही, आणि श्यामच्या घरात माँटेसोरीची साधनं नाहीत. दोन्हींचा आदर एकाच परिपाठात करायचा तर निदान या दोघींचं पटलं नसतं एवढं तरी मुलांना सांगावं, असं आमच्यातल्या तिघांचं मत. उरलेले दोघे अजून मानत नाहीत.

आणि मग ती मोळीची रात्र आली.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. महारवाड्यातली एक म्हातारी. लाकडाची मोळी खाली पडलीय, तिला ती एकटीला उचलवत नाही, आणि शिवायचं म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. आणि सांगते, घरी आल्यावर आंघोळ कर.

शाळेत आंघोळीचा भाग बहुधा गाळला जातो. उरते ती माउलीची करुणा. तक्त्यात ‘संवेदनशीलता’ लिहायला पेन टेकलं होतं, तेवढ्यात आमच्यातले एक सहकारी, जे फार बोलत नाहीत, ते म्हणाले, ‘तुम्ही हे श्यामच्या बाजूनं वाचताय. माझ्या आजीच्या डोक्यावर ती मोळी होती.’

त्या शनिवारी पुढे वाचन झालं नाही.

पुढच्या शनिवारी ते स्वतःच बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ही गोष्ट वाईट आहे असं ते म्हणत नाहीत. त्या काळात, त्या गावात, त्या बाईनं तेवढं केलं हे कमी नव्हे. पण ती गोष्ट वर्गात ‘संवेदनशीलता’ या मथळ्याखाली शिकवायची म्हणजे वर्गातल्या काही मुलांनी श्याम व्हायचं आणि काही मुलांनी मोळीवाली म्हातारी. शिक्षकाला ते दिसत नाही, मुलांना लगेच कळतं. त्यांना स्वतःला ते तिसरीत कळलं होतं. आणि आंघोळ गाळली तर तो आणखी मोठा खोटेपणा, कारण साने गुरुजींनी ती गाळलेली नाही. लेखकाला ती गाळता आली असती. तुरुंगात बसून, आईच्या आठवणीनं रडत लिहिणाऱ्या माणसानं आईच्या दयेबरोबर तिची मर्यादाही कागदावर ठेवली.

साने गुरुजींच्या लेखनावर नेहमीचा आक्षेप आहे की ते फार रडवतं. आक्षेप खोटा नाही. बेचाळीस रात्री सलग मोठ्यानं वाचून पाहा, शेवटी शेवटी अश्रूंचा शीण येतो. आम्हाला आला. पण रडवणारं लेखन बहुधा अडचणीचा तपशील पुसून टाकतं, आणि हे पुस्तक तो पुसत नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला बोलतो, तो अपमान आहे. कर्ज आहे. आजारपण आहे, औषधाला पैसे नाहीत. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो तेव्हा घरातली ओढाताण त्या कोटाच्या कापडातून दिसते. तक्त्यात कर्जाला रकाना नव्हता. आईची नीती सगळी या कर्जाच्या आणि जातीच्या आत घडतेय, आणि आपण ती काढून बरणीत भरतो, जसा मुरांबा भरावा.

१९४७च्या मे महिन्यात याच साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. १ तारखेला सुरू केलं, दहाव्या दिवशी सोडलं. त्याआधी महाराष्ट्रभर दौरे केले. मोळी उचलून देऊन आंघोळ करणारा मुलगा आणि देवळाच्या दारासाठी प्राण पणाला लावणारा माणूस एकच. मधली आंघोळ कुठे गेली? आईनं शिकवलेल्या गोष्टीच्या पुढे जाऊन मुलानं आईचीच एक चूक दुरुस्त केली. आमचे ते सहकारी म्हणाले, ‘हे मला मुलांना सांगता येईल. पण दहापैकी कोणत्या मूल्याखाली?’

आता दुसरी बाजू, आणि ती आम्ही मनापासून मांडतो, कारण आमच्यातले दोघे त्या बाजूचे आहेत. एका मुख्याध्यापिका बाईंना आम्ही हा सगळा प्रकार सांगितला. त्यांची शाळा ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यातली. त्या म्हणाल्या, ‘तुमचं सगळं खरं. पण वेळापत्रकात ज्याचा तास नाही ते शाळेत होत नाही. चित्रकला अशीच गेली, वाचनालय असंच गेलं. नीती सगळ्या विषयांतून यावी म्हणता, म्हणजे ती कुणाचीच जबाबदारी नाही. माझ्याकडची मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, परत येतात तेव्हा कुणी त्यांना दोन शब्द प्रेमानं सांगितलेले नसतात. परिपाठाची वीस मिनिटं ही त्यांच्या दिवसातली एकमेव वेळ असते जेव्हा कुणी त्यांच्याशी मार्कांसाठी बोलत नाही.’ आम्ही गप्प झालो. कोठारी आयोगानंही आठवड्याला एक-दोन तासिका नैतिक शिक्षणाला द्याव्यात असं सुचवलं होतं, आणि त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे काही बाबावाक्य मानणारे गृहस्थ नव्हते.

पण तासिका ठेवली तर तिच्यातून निघतं काय? अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांवर अभ्यास केला, १९२८ साली तो छापून आला. मुलांना नकळत फसवायची संधी द्यायची, परीक्षेत, खेळात, घरी करायच्या कामात, आणि पाहायचं. सापडलं ते असं: चांगलं काय हे मुलाला किती ठाऊक आहे यावरून ते प्रत्यक्षात प्रामाणिक वागेल की नाही हे फारसं सांगता येत नव्हतं. एके ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे सरळ वागत होतं. प्रसंग, वर्गाचं वातावरण, सोबतची मुलं, यांचा हात मोठा होता. पुढे इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा थोडा सामाईक धागा निघाला, सगळंच प्रसंगावर नाही. पण ज्ञान आणि वागणूक यांतली दरी काही भरून निघाली नाही. खिचडीबद्दल खरं सांगणारा आमचा तो मुलगा मूल्यशिक्षणाच्या लेखी परीक्षेत काठावर पास होता, हे जाता जाता.

राहिला धर्माचा रस्ता. संविधानाचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. १९५९ साली नेमलेल्या श्रीप्रकाश समितीपासून ते १९९९च्या शंकरराव चव्हाण समितीपर्यंत अनेकांनी या कलमाला धक्का न लावता नीती कशी शिकवायची याचा विचार केला. चव्हाण समितीनं सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्यं सांगितली. तिथे सत्य आहे, पहिलंच आहे, हे नोंदवायला हवं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीनं फरक बरोबर आहे. वर्गात तो टिकवायचा कुणी? २०२४च्या मे महिन्यात आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तेव्हा त्यातल्या मनुस्मृतीच्या श्लोकावरून आणि मनाचे श्लोक, गीतेचा अध्याय पाठ करण्याच्या सूचनेवरून वाद पेटला. चर्चा सगळी कोणता ग्रंथ घ्यावा, कोणता घेऊ नये यावर झाली. पाठ करून घेतल्यानं नीती येते का, हा तेलंगांचा प्रश्न कुणी विचारला नाही. दोन्ही बाजूंना पाठांतर मान्यच होतं, भांडण मजकुरावर होतं. रामदास पाठ करावेत, तुकोबाही करावेत, जिभेला वळण लागतं, भाषा येते. आम्ही स्वतः त्यावरच वाढलो. पण त्याला भाषेचा तास म्हणा.

तर तक्त्याचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही मोळीच्या गोष्टीसमोर मूल्य लिहिलं नाही. तिथे लिहिलं, ‘आंघोळीसह वाचावी, मुलांचे प्रश्न घ्यावेत.’ तक्ता परत आला. लाल शाईत शेरा होता: ‘कृपया एकच मूल्य नमूद करावे.’ बाईंनी शेवटी ‘संवेदनशीलता’ लिहून पाठवला, कारण मुदत संपत आली होती आणि वक्तशीरपणाही यादीत आहे. (हशा)

पण आमच्या त्या सहकाऱ्यांनी जानेवारीत ती रात्र आपल्या सातवीच्या वर्गात पूर्ण वाचली, काही न गाळता, काही न समजावता. वाचून पुस्तक मिटलं. वर्ग गप्प होता. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, ‘सर, मग त्या म्हातारीनं पण घरी जाऊन आंघोळ केली का?’ एक-दोघं हसले, मग थांबले. दुसऱ्या एका मुलानं विचारलं, ‘तिला का करायची?’ मुलगी म्हणाली, ‘मग त्याला तरी का करायची?’ आणि वर्गात जे सुरू झालं ते तास संपल्याची घंटा होऊनही चालू होतं. पुढचा तास गणिताचा होता. गणिताच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, सर सांगतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.